गॅस नव्हे, स्वादुपिंड
लेखमाला : आपलं पोट, आपली दुखणी – भाग ६

मागच्या भागात पित्ताशयातले खडे पाहिले. मोठा खडा बहुधा जागेवरच पडून राहतो. खोडी काढतो तो बारका. तो निसटतो, पित्तनलिकेतून खाली घरंगळतो आणि आतड्याच्या तोंडाशी अडकतो. नेमकी तिथेच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. एकाची वाट अडली की दुसऱ्याचीही अडते.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पसरलेलं असतं. लांबी वीतभर, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. पण ते रोज लिटर-दीड लिटर पाचक रस बनवतं. त्या रसातलं ट्रिप्सिन प्रथिनं पचवतं. म्हणूनच ते निष्क्रिय रूपात तयार होतं आणि आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतं. नळी तुंबली किंवा दारूनं पेशी दुखावल्या की ते ग्रंथीतच जागं होतं आणि कुंपणच शेत खाऊ लागतं. स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं, हे हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडलं. त्याआधी, १८८९ मध्ये, बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराची, म्हणजे स्वादुपिंडाच्या दाहाची, लक्षणं पद्धतशीर लिहून ठेवली होती. रुग्ण जे सांगतो ते आजही तेच आहे.

समजा, वाशिम जिल्ह्यात रिसोडकडच्या एखाद्या गावात लग्नाची पंगत उठली. रोडगे, वांग्याची भाजी, वरणावर तुपाची धार. स्निग्ध जेवण पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि आतला खडा ढकलला जातो. रात्री केव्हातरी बेंबीच्या वर, दोन्हीकडच्या बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खालच्या खोबणीत कळ उठते. अर्ध्या-एक तासात ती शिगेला पोचते आणि तिथेच थांबते. ओळखायची खूण हीच. आतड्याचा मुरडा येतो आणि जातो; मधे माणूस श्वास घेतो, दोन शब्द बोलतो. पित्ताशयाची कळही बहुधा काही तासांत सुटते. स्वादुपिंडाचं दुखणं एकसारखं राहतं, कधी दिवसभर, कधी दोन-तीन दिवस. निम्म्याअधिक रुग्णांत ते थेट पाठीत शिरतं, काहींना पट्टा आवळल्यासारखं दोन्ही कुशींत. अवयव कण्याला खेटूनच असल्यावर दुसरं काय होणार? उताणं झोपलं की वाढतं. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं की थोडं सुसह्य होतं. उलट्या होतात, पण उलटीनं हलकं वाटत नाही.

आता घरात काय होतं ते पाहू. कोणी ओवा देतं, कोणी सोडा. ओव्यानं नुकसान नाही, वेळ तेवढा जातो. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं मात्र सरळ बंद करायला हवं. मग कुणीतरी गॅसची गोळी आणतो, कुणी दुखणं थांबवायचं इंजेक्शन टोचून आणतो. कळ दबते, घरचे झोपतात, आत मात्र सूज वाढत राहते आणि रक्तातलं पाणी सुजेत उतरत जातं. जीभ कोरडी, लघवी कमी, नाडी जलद अशी पहाट उजाडते. आणखी एक घोटाळा: सुरुवातीला पोट दाबून पाहिलं तर तक्रारीच्या मानानं मऊच लागतं, त्यामुळे रुग्ण नाटक करतोय असं वाटतं. दुखण्याच्या जोरावरून आजाराची तीव्रताही कळत नाही. गडबडा लोळणारा आठवड्यात बरा होतो, तर एखादी वयस्क, मधुमेही बाई फारसं न कण्हता अत्यवस्थ होते.

खडे आणि दारू ही दोन मोठी कारणं. दारूचा झटका पिण्याच्या रात्रीच येतो असं नाही. अनेकदा एक-दोन दिवसांनी येतो, त्यामुळे दोष शिळ्या जेवणावर जातो. रक्तातलं ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेलं तरी तेच होतं. शेतकऱ्याच्या घरी आणखी एक कारण लक्षात ठेवावं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं अंगात भिनली तर स्वादुपिंड सुजू शकतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक बळी गेले, ते वाशिमकर विसरलेले नाहीत. फवारणीनंतर पोट दुखलं, लाळ सुटली, बाहुल्या बारीक झाल्या तर डॉक्टरांना औषधाचा डबाच दाखवा.

कधीकधी कारण दडलेलं असतं. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा स्वादुपिंडाच्या सौम्य दाहाच्या बातम्या आल्या. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, हे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला खडे नाहीत, दारू नाही, तरी हा दाह झाला तर गाठ नाही ना, हे तपासून घ्यायलाच हवं.

निदान अवघड नाही. अशी कळ, रक्तात लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि सोनोग्राफी-सीटीत दिसणारी सूज, या तिनांपैकी दोन पुरेत. पहिल्या काही तासांत सीटीचा आग्रह धरू नये. पेशी मेल्या का, ते तीनेक दिवसांनी नीट कळतं. सगळ्यात आधी ईसीजी मात्र काढाच, कारण हृदयविकाराचा झटकाही याच जागी दुखतो. उपचार म्हणजे सलाईन, वेदनाशामक आणि बारीक लक्ष. सलाईनही धोधो नको. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत त्यानं फायदा झाला नाही, उलट फुफ्फुसांवर पाण्याचा भार वाढला. दहापैकी आठ जण एवढ्यावर सावरतात. उरलेल्या दोघांना अतिदक्षता विभाग लागतो, म्हणून १०८ ला लवकर फोन करावा. वाशिमहून अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. सकाळची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

आणि खड्यांमुळे सौम्य झटका आला असेल, तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून घ्या. सोयाबीनची सोंगणी उरकली की बघू, म्हणून घरी गेलेल्यांपैकी बरेच जण तीच कळ घेऊन पुन्हा दवाखान्यात येतात.