डॉक्टर व्हायचंय? आधी टाइमटेबल लाव, बॉस!

अमेरिकेत ‘प्री-मेड’ ही डिग्री नसते. तो असतो सेमिस्टरचा हिशेब. आणि तो पहिल्याच वर्षी चुकला, तर अख्खं वर्ष हातचं जातं!

न्यू जर्सीहून मावशीचा फोन येतो. "अगं, आमचा चिन्मय... सॉरी, चिनू, कॉलेजला लागला. प्री-मेड करतोय!" घरात लगेच पेढे, आणि आजीच्या लेखी नातू डॉक्टर झालेलासुद्धा असतो. असा फोन तुमच्याही घरी आला असेल, तर जरा थांबा मंडळी. चिनू अजून डॉक्टरकीच्या दारातही पोचलेला नाही. तो फक्त दाराकडे जाणारी गाडी पकडायला स्टेशनवर आलाय.

आपल्याकडचा फंडा सरळ आहे. दहावीनंतर सायन्स, बारावीला बायॉलॉजी, मग नीट, की थेट एमबीबीएस. तिकडे आधी चार वर्षांचं बॅचलर्स, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर रेसिडेन्सी. ‘प्री-मेड’ म्हणजे त्या पहिल्या चार वर्षांत मेडिकल स्कूलला लागणारे विषय वेळेत उरकणं. बस्स, इतकंच!

मेजर हटके, विषय तेच

मेजर कोणताही चालतो. इतिहास घ्या, संगीत घ्या, इकॉनॉमिक्स घ्या. पण त्याच्या जोडीला बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, बहुतेक ठिकाणी लॅबसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स. एमकॅट या प्रवेश परीक्षेत २०१५ पासून सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीही आलं, त्यामुळे तेही केलेलं बरं. प्रत्येक मेडिकल स्कूलची यादी थोडी वेगळी असते, हे वेगळंच.

हे सगळं आलं कुठून? आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्याकडे बॅचलर्स डिग्री नव्हती. तेव्हा तशी अट सगळीकडे नव्हतीच. पुढे १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला, आणि मेडिकलच्या आधी कॉलेजात पक्कं सायन्स हवं, हा आग्रह तिथे रुजला.

या आग्रहाला अपवादही आहे बरं का! न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने १९८७ पासून ह्युमॅनिटीजच्या काही विद्यार्थ्यांना ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि एमकॅटशिवाय घ्यायला सुरुवात केली. ही मुलं मेडिकल स्कूलमध्ये बाकीच्यांच्या तोडीस तोड ठरली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण अशा जागा मोजक्याच. बाकीच्यांना केमिस्ट्रीतूनच जावं लागतं.

केमिस्ट्रीची गाडी चुकली की...

खरी गोम इथेच आहे. जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर झाल्याशिवाय सहसा ऑरगॅनिक मिळत नाही. ऑरगॅनिक झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. म्हणजे पाच सेमिस्टर, एकामागून एक. बरं, बऱ्याच कॉलेजांत या साखळीतला पहिला कोर्स सोयीने फक्त ऑगस्टच्या सेमिस्टरला बसतो. विरार फास्ट चुकली तर पुढची दहा मिनिटांत येते. ही गाडी चुकली की पुढची थेट वर्षाने!

आता हिशेब करा. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री सुरू केली, तर बायोकेमिस्ट्री तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत संपते. मग वसंतात एमकॅट, आणि मे-जूनमध्ये अर्ज. कारण प्रवेशाचा अर्ज कॉलेज सुरू होण्याच्या वर्षभर आधी करावा लागतो. हीच केमिस्ट्री दुसऱ्या वर्षाला सुरू केली, तर अर्ज चौथ्या वर्षाच्या शेवटी, आणि मध्ये एक वर्ष मोकळं. सुट्टीत कोर्स करून थोडी भरपाई होते, पण दमछाकही तेवढीच.

गॅप इयर म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. आज तिथे कितीतरी मुलं मुद्दाम तसं वर्ष घेतात. हॉस्पिटलमध्ये किंवा लॅबमध्ये काम करतात, अर्ज पक्का करतात. पण ठरवून घेतलेलं वर्ष वेगळं आणि नाइलाजाने गळ्यात पडलेलं वेगळं.

याच्या उलट चूकही होते. पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री, बायॉलॉजी, कॅल्क्युलस, वर दोन लॅब! ग्रेड घसरली की चिनू म्हणणार, "रिपीट करतो ना!" पण एमडी कॉलेजांच्या सामाईक अर्जात जुनी ग्रेड पुसली जात नाही. दोन्ही मोजल्या जातात. सायन्सचा जीपीए तर वेगळा काढतात. त्यामुळे सुरुवातीला दोन जड विषय आणि बाकी हलके, हा हिशेब शहाणपणाचा.

फक्त डॉक्टरच का?

डेंटलला डीएटी नावाची वेगळी परीक्षा. फिजिओथेरपीसाठी साधारण तीन वर्षांचा डीपीटी आणि त्याआधी क्लिनिकमध्ये निरीक्षणाचे तास. फार्मसीची पीकॅट परीक्षा तर २०२४ मध्ये बंदच झाली. फिजिशियन असिस्टंट व्हायचं, तर अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हवं, शिवाय पेशंटसोबत प्रत्यक्ष कामाचे शेकडो तास. यातल्या बऱ्याच ठिकाणी पाच-दहा वर्षांपूर्वी केलेले कोर्स शिळे धरतात! म्हणजे दिशा बदलायची असेल, तर आपले जुने विषय चालतील का, हे आधी विचारा.

एकविसावा वाढदिवस

आता ज्या गोष्टीवर फोनवर कुणी बोलत नाही, ती. आईबाबा एच-वन-बी वर असतील, तर मुलगा एच-फोरवर. एकविसाव्या वाढदिवसाला ते छत्र संपतं. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात, हे आयटीतल्या आपल्या मंडळींना सांगायला नको. मग तिथेच बालवाडीपासून शिकलेला चिनू स्टुडंट व्हिसावर जातो आणि अर्जात ‘परदेशी विद्यार्थी’ ठरतो. अमेरिकेतली बहुतेक मेडिकल स्कूल्स परदेशी विद्यार्थ्यांचा विचारच करत नाहीत. सरकारी शैक्षणिक कर्जही त्यांना मिळत नाही. अशा घरात परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या कॉलेजांची यादी पहिल्याच वर्षी भिंतीवर लावायला हवी. केमिस्ट्री रिपीट करता येते, वाढदिवस पुढे ढकलता येत नाही.

क्युबिकलमधून अ‍ॅप्रनकडे

आणि आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांचं काय? समजा, तुम्ही कॉमर्स करून तिकडे सेटल झालात आणि अठ्ठाविसाव्या वर्षी वाटलं, आता पेशंट बघायचे. त्यासाठी ‘पोस्ट-बॅक’ कोर्सेस आहेत. ब्रिन मॉर आणि गाऊचर या कॉलेजांचे चांगलेच नावाजलेले. राहिलेलं सगळं सायन्स साधारण वर्षभरात! खिशाला जड, डोक्याला त्याहून जड. इथेही व्हिसाची अट आधी तपासायची.

जाता जाता

• पाच-सहा मेडिकल स्कूल्सच्या याद्या पहिल्याच महिन्यात समोर ठेवा.
• अर्जाच्या तारखेपासून उलटं मोजत टाइमटेबल लावा.
• शाळेतल्या एपी कोर्सचं क्रेडिट सगळीकडे चालतं असं धरू नका.
• कॉलेजच्या प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझरला दर सेमिस्टरला भेटा.
• मेजर आवडीचाच घ्या. डॉक्टरकी नाहीच जमली, तर तीच डिग्री हातात राहणार आहे.

डॉक्टर व्हायचं की नाही, हे ठरवायला तिथे विसाव्या काय, तिसाव्या वर्षीही मुभा आहे. आपल्या दहावीच्या पोरांना मिळत नाही अशी ही चैन! तेव्हा पुढच्या फोनला मावशीला पेढ्यांआधी एवढंच विचारा, "केमिस्ट्री कधी सुरू करतोय तो?"