सातपुड्याचं गोडं पाणी

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पाण्याची चव थोड्याथोडक्या अंतरावर बदलते. दक्षिणेला, पूर्णा नदीच्या अंगाला, खारपाणपट्टा. विहीर कितीही खोल न्या, पाणी खारटच. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र ते गोडं, म्हणूनच तिथे संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या. या फरकाचं निम्मं कारण जमिनीच्या पोटात आहे, निम्मं डोंगरावरच्या जंगलात. पाऊस झाडोऱ्यात अडतो, पाचोळ्यात मुरतो, मग सावकाश खाली येऊन पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरात शिरतो. भूजलतज्ज्ञ या पट्ट्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून फेसाळत आलेला नाला इथे आटल्यासारखा दिसतो, पण पाणी जमिनीखालून चालूच असतं. वाण नदीही मेळघाटातून येते आणि वारी भैरवगडला हनुमान सागर धरणात अडते. खारपाणपट्ट्यातल्या 140 गावांची पाणीयोजना याच धरणाच्या भरवशावर आखली गेली.

याच डोंगरातल्या अंबाबरवा अभयारण्याकडे मी आधी पाण्याच्या नजरेनं पाहतो, वाघ त्यानंतर. हे अभयारण्य 1997 मध्ये घोषित झालं. क्षेत्र सुमारे 127 चौरस किलोमीटर, आणि आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

जंगलाशी माणसाचा संबंध त्याहून कितीतरी जुना. मोगलाईत वऱ्हाडातला एक सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, नरनाळ्याच्या किल्ल्यावरून ओळखला जाई. आईन-ए-अकबरीत जळगावचा परगणा म्हणून उल्लेख आहे. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्यानंतर जंगलं राखीव झाली, कूप पाडून सागाची तोड सुरू झाली. तोडीला, रस्त्याला, आग विझवायला हाताशी माणसं हवीत म्हणून मेळघाटात वनग्रामं वसवली गेली. 1970 च्या दशकात मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, आणि पुढे वारं फिरलं. ज्या कोरकू आदिवासींच्या आज्यापणज्यांना मजुरीसाठी जंगलात ठेवलं, त्यांच्याच नातवंडांना वाघासाठी बाहेर पडा असं सांगण्यात आलं. कोहा, कुंड आणि बोरी ही पहिली गावं या शतकाच्या सुरुवातीला हलली. अंबाबरव्यातली वस्तीही पायथ्याशी आली. रिकाम्या झालेल्या शेतांत आता गवत वाढतं, तिथे सांबर, गवा चरायला येतात, हे चांगलंच आहे. पण हललेल्या घरांना कसदार जमीन मिळाली का, विहिरीला पाणी लागलं का, हेही सफारीला जाणाऱ्यानं विचारावं. ती गावं वाटेवरच आहेत.

सफारी आता होते, बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणासाठी नोंदणीही होते. वाघ दिसला नाही की जिप्सीतली माणसं हिरमुसतात, याचं मला वाईट वाटतं. उन्हाळ्यात सालईच्या झाडापाशी थांबून पाहा. वरची साल कागदासारखी सुटते, खालून हिरवट अंग दिसतं, आणि खोडाला चीर पडली असेल तर सुवासिक डिंक ओघळलेला असतो. सागाच्या फांदीवर भर दिवसा बसणारा रानपिंगळा शोधा. 1884 नंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं सापडलेला नव्हता. 113 वर्षांनी, 1997 मध्ये, तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा दिसला. आज मेळघाट त्याच्या मोठ्या आसऱ्यांपैकी एक आहे.

या जंगलावरून गेली काही वर्षं रेल्वेचाही वाद चालला. अकोला-खंडवा मीटरगेज मेळघाटाच्या पोटातून जाई. धूळघाटजवळ गाडी वळसा घेत स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे निघे. ब्रॉडगेज त्याच वाटेनं नको, हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून न्या, अशी मागणी राज्य सरकारनं 2020 मध्ये केंद्राकडे केली. मला ती पटते. जंगल वाचतं आणि जिथे माणसं राहतात तिथे गाडी येते.

रोजचा धोका मात्र रुळांचा नाही, वणव्याचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. पाचोळ्यात ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि वारा सुटला की ठिणगी डोंगर चढते. वनखातं जाळरेषा काढतं, पण प्रत्येक मोहापाशी पहारेकरी कुठून आणणार? झाडाखाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ हाती येतं, भाव बरा मिळतो आणि काडी पेटवावी लागत नाही. पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी अशा जाळ्या हंगामाआधी, फेब्रुवारीतच वाटायला हव्यात.