सागाच्या शेंड्यावर पाणी कोण नेते?

विज्ञान म्हटले की आपण कला शाखेचे विद्यार्थी दुरूनच हात जोडतो. दहावीची परीक्षा संपली की वातावरणाचा दाब, बाष्पोच्छ्वास, घनता हे शब्द वहीत मिटतात ते कायमचेच. शाळेत जीवशास्त्राचा धडा वेगळा आणि भौतिकशास्त्राचा वेगळा. पण आपल्या आलापल्लीत एकच झाड हे दोन्ही धडे एकत्र शिकवीत उभे आहे. ते झाड म्हणजे सागवान.

माझे वडील जंगलात लाकूडतोडीच्या मजुरीला जातात. शाळेची पायरी ते कधी चढले नाहीत. पण त्यांनी एकदा मला विचारले, "पोरी, एवढ्या वर पानी कोन नेते?" प्रश्न साधा वाटतो, उत्तर मात्र तितके साधे नाही.

भामरागडच्या रस्त्यावरील 'आलापल्लीचे वनवैभव' आपण सर्वांनी पाहिले असेल. सुमारे ६ हेक्टरचे हे राखीव जंगल २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. सागवान ३० मीटरहूनही उंच वाढू शकतो. मुळांनी शोषलेले पाणी तिथवर पोचते कसे?

पहिले उत्तर सुचते ते पंपाचे. नळीतील हवा ओढून घेतली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. परंतु या दाबाला मर्यादा आहे. इटलीतील टॉरिचेलीच्या १६४३ च्या प्रयोगाने दाखविले की हवेचा दाब पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटीमीटर स्तंभ तोलून धरतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. गुणाकार केला तर पाण्याचा स्तंभ सुमारे १०.३ मीटर भरतो. त्यावर हवेचा दाब पाणी नेऊ शकत नाही. म्हणूनच खोल बोअरच्या हापशीचे सिलिंडर खाली पाण्यात सोडलेले असते.

दुसरे उत्तर केशाकर्षणाचे. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसे. पण ०.२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी अशा रीतीने जेमतेम १५ सेंटीमीटर चढते. म्हणजे वीतभरही नाही!

खरे उत्तर वर पानात आहे. पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. हाच बाष्पोच्छ्वास. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा रेणू गेला की तो खालच्याला ओढतो, आणि पानापासून मुळापर्यंत जलवाहिन्यांतील पाण्याचा सबंध दोर वर सरकतो. विहिरीचा पोहरा आपण ओढतो. येथे ओढणारा सूर्य होय. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी हा विचार १८९४ मध्ये मांडला. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी १९२३ च्या ग्रंथात जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो, असे वेगळे मत मांडले होते. आज मात्र ओढीचेच स्पष्टीकरण मान्य आहे.

हे एकदा समजले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. उन्हाळ्यात जमिनीत पाणी कमी, ऊन मात्र कडक. ओढ फार वाढली तर दोर तुटतो, वाहिनीत हवा शिरते. म्हणून साग आपली भली मोठी पाने गाळून टाकतो. तेव्हा झाड मेलेले नसते, त्याने पाणी ओढणे थांबविलेले असते. पाऊस आला की नवे लाकूड रुंद वाहिन्यांचे बनते, पुढे अरुंद वाहिन्यांचे. ओंडक्याच्या तोंडावर दिसणारी वर्षाची वलये ती हीच.

झाडाभोवती गाभ्यापर्यंत खोल खाच पाडली की ते उभेच्या उभे वाळते, हे जंगलात राबणाऱ्यांना ठाऊक असते. साल कापल्याने अन्नाची वाट तुटते. सालीखालचे ओले लाकूड कापल्याने पाण्याचा दोर तुटतो. ब्रह्मदेशात साग असा दोन-तीन वर्षे उभा वाळवीत, मग तोडून नदीत सोडीत. कारण ताजा ओला साग बुडू शकतो, पण वाळलेल्याची घनता पाण्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने तो तरंगतो. येथे वनस्पतीचा धडा संपून आर्किमिडीजचा केव्हा सुरू झाला, ते कळतही नाही.

मित्रमैत्रिणींनो, पावसाळ्यात पानांनी भरलेल्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून तासाभराने पाहा. आत पाण्याचे थेंब दिसतील. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, की विज्ञान शाखेचा प्रवेशही लागत नाही. आपल्या घरच्या माणसांच्या हाताला जंगल ठाऊक आहे. पुस्तक शिकलेल्या आपण त्यांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याच बोलीत घरी नेऊ शकलो, तर आपले शिक्षण सार्थकी लागले असे मी समजेन.