नॅटची चूक की राउटिंगची? आधी ओळखा, मग कमांड बदला



व्हिडिओत आपण पॅकेट ट्रेसरवर नॅटची लॅब केली. सीसीएनएची तयारी करणारे बरेच जण इथेच अडकतात. नॅट लावलं, पण पिंग काही जात नाही! मग तीच कमांड पुसायची, परत टाकायची, परत पुसायची.

मीही तेच केलंय, आणि तेही गिऱ्हाईकासमोर. दुकान नवीन होतं. एका छोट्या ऑफिसात राउटर बसवायला गेलो. इंटरनेट चालेना, म्हणून तीन तास नॅटच्याच मागे लागलो. शेवटी कळलं की डिफॉल्ट रूटची एक ओळ टाकायचीच राहिली होती. मालकांनी पैसे दिले, पण पुढचं काम दुसऱ्याला गेलं.

दोन कामं, दोन वेगळ्या गोष्टी

राउटिंग म्हणजे रस्ता ठरवणं. नॅट म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार खाजगी वापरासाठी राखीव आहेत. फ्लॅट नंबर ४ प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो. पाकिटावर तेवढंच लिहिलं तर उत्तर परत येणार कुठे? म्हणून बाहेर पडताना नॅट त्यावर बिल्डिंगचा पत्ता घालतं.

आपली लॅब

पीसी १९२.१६८.१.१०, आपल्या राउटरची आतली बाजू १९२.१६८.१.१, बाहेरची २०३.०.११३.२. समोर आयएसपीचा राउटर २०३.०.११३.१ आणि त्याच्या पलीकडे सर्व्हर १९८.५१.१००.१०.

आता मुद्द्याची गोष्ट. सिस्को राउटरवर पॅकेट आतून बाहेर जाताना आधी राउटिंग होतं, मग नॅट. रस्ताच सापडला नाही, तर पॅकेट नॅटपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ‘शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स’ रिकामं दिसलं की लगेच नॅटला दोष देऊ नका.

पिंगचं उत्तर नीट वाचा

१. १९२.१६८.१.१ कडून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं: आपल्या राउटरला पुढचा रस्ता माहीत नाही. ‘शो आयपी रूट’ बघा. डिफॉल्ट रूट नसेल तर टाका: आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.१.

२. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं: बहुतेक वेळा पॅकेट गेलं, पण उत्तर परत आलं नाही. आता नॅट तपासा. इनसाइड आणि आउटसाइड उलटसुलट इंटरफेसवर लागलंय का? अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये नेटवर्क बरोबर आहे का? ‘ओव्हरलोड’ शब्द राहिला असेल, तर एक पीसी चालेल, दुसरा अडेल. मात्र पहिलंच पिंग असेल तर सुरुवातीचं एखादं उत्तर एआरपीमुळे चुकतं, त्याला घाबरू नका.

दोन फसवे पास

पहिला: फक्त २०३.०.११३.१ ला पिंग करून खूश होणं. ते नेटवर्क आपल्या राउटरला थेट जोडलेलं आहे, तिथे डिफॉल्ट रूट लागतच नाही. पिंग सर्व्हरलाच करा.

दुसरा जास्त घातक: पिंग जात नाही म्हणून आयएसपीच्या राउटरवर १९२.१६८.१.० चा रूट टाकणं. पिंग जातं, पण नॅटशिवाय! खऱ्या आयुष्यात आयएसपी तुमच्यासाठी असा रूट टाकणार नाही. लॅब पास झाली तरी गिऱ्हाईकाकडे नापास व्हाल.

माझा क्रम

आधी राउटरवरूनच सर्व्हरला पिंग. ते गेलं म्हणजे बाहेरचा रस्ता ठीक आहे. मग पीसीवरून गेटवेला. मग पीसीवरून सर्व्हरला. शेवटी ट्रान्सलेशन टेबल. या क्रमाने गेलात तर चूक कुठल्या टप्प्यात आहे, ते पटकन कळतं.

आजचा गृहपाठ: चालू लॅबमधून आधी डिफॉल्ट रूट काढा, पिंगचं उत्तर वहीत लिहा. तो परत टाका, मग नॅट काढा, पुन्हा लिहा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा.

कमांड पाठ असलेले खूप मिळतात. गिऱ्हाईक पैसे देतं ते चूक पटकन शोधणाऱ्याला. मुद्दाम बिघडवा, दुरुस्त करा, पुन्हा बिघडवा. लॅबमध्ये चुकायला पैसे पडत नाहीत!