‘गाडी आता भारी चालते’ हे सिद्ध कसं करायचं?

पेटची किंवा संशोधन आराखड्याची तयारी करणारे बरेच जण विचारतात, “संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?” प्रत्येक वेळी तो प्रयोगशाळेतच सापडतो असं नाही. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात तर तो अनेकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅकवर चढवलेला असतो. आठवडाभर कंपनीत गाड्यांचे भाग बनवायचे आणि रविवारी स्वतःच्याच गाडीखाली शिरायचं, अशी हौशी मंडळी इथे भरपूर. कोणी स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली बसवतो, कोणी स्पेसर टाकून उंच करतो, कोणी कडक शॉकअप बसवतो. मग एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, “आता भारी चालते!”

आज हेच वाक्य घेऊ. कारण प्रबंधातलं “प्रस्तावित पद्धत अधिक चांगली आहे” हे वाक्य आणि हे वाक्य सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही तेच तीन प्रश्न विचारायचे. भारी म्हणजे नेमकं काय? कशाच्या तुलनेत? आणि हे ठरवलं कोणी?

पहिली पायरी: ‘भारी’ला आकडा द्या

सस्पेन्शनमध्ये मोजण्यासारख्या दोन सोप्या गोष्टी आहेत.

एक, नैसर्गिक वारंवारता. म्हणजे गाडी दाबून सोडली तर सेकंदाला किती वेळा वर-खाली होते. साध्या प्रवासी गाड्यांमध्ये ही साधारण १ ते १.५ हर्ट्झ असते. आपण चालतो तेव्हा शरीर साधारण याच्याच आसपासच्या लयीत वर-खाली होतं, म्हणून ती आपल्याला सुसह्य वाटते. याउलट ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना बसलेलं शरीर फार संवेदनशील असतं. शरीराला बसणारी कंपनं कशी मोजायची यासाठी ‘आयएसओ २६३१’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

दोन, अवमंदन गुणोत्तर, म्हणजे ही हालचाल किती लवकर शमते. ते शॉकअपचं काम. प्रवासी गाड्यांमध्ये हा आकडा बहुधा ०.२ ते ०.४ असतो.

आता बघा, ‘भारी’चे निदान दोन अर्थ झाले: प्रवाशाला आराम आणि टायरची रस्त्यावर पकड. हे दोन्ही एकाच वेळी कमाल पातळीवर मिळत नाहीत. तुमच्या संशोधनातही ‘चांगलं’ या शब्दात असे दोन-तीन अर्थ लपलेले असतात. आराखडा लिहितानाच ते वेगळे करा.

दुसरी पायरी: पाना हातात घेण्याआधी मोजा

बदल केल्यावर मोजायला सुरुवात केली तर तुलना कशाशी करणार? मूळ अवस्थेची नोंद आधी हवी. यासाठी महागडं उपकरण लागत नाही. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाने बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप मोबाइलमधल्या त्वरणमापकाचा आलेख काढून देतं. मोबाइल गाडीच्या तळाशी घट्ट चिकटवा, एक कोपरा दाबून सोडा. लागोपाठची दोन शिखरं वाचा. दुसरं शिखर पहिल्याच्या एक दशांश असेल तर अवमंदन गुणोत्तर साधारण ०.३४ येतं, एक चतुर्थांश असेल तर ०.२१ च्या आसपास.

स्प्रिंगची कडकी मोजायलाही ती बाहेर काढू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतते. त्यापेक्षा २५ किलोची चार पोती मागच्या चाकांच्या आसाच्या बरोबर वर ठेवा आणि चाकाच्या कमानीची उंची टेपने मोजा. समजा १०० किलोने मागची बाजू २५ मिलिमीटर खाली बसली. म्हणजे ९८१ न्यूटन भागिले २५, साधारण ३९ न्यूटन प्रति मिलिमीटर, आणि प्रत्येक चाकाला त्याच्या निम्मे. यात टायरची दाबही आली, हे टिपून ठेवा.

आता पोती एकेक करून काढा आणि पुन्हा मोजा. गाडी आधीच्या उंचीवर तंतोतंत परतणार नाही. चढताना आणि उतरताना आकडे वेगळे येतील. इथे नवखा विद्यार्थी म्हणतो, “रीडिंग चुकलं.” पण ते चुकलेलं नसतं. तो फरक म्हणजे बुश, सील आणि सांध्यांमधलं घर्षण. वरचं सूत्र मात्र घर्षण नाही असं धरून चालतं. म्हणजे त्या ०.३४ मध्ये थोडा वाटा घर्षणाचाही आहे. सूत्र आणि वास्तव जिथे जुळत नाहीत तिथेच बहुतेक वेळा खरा विषय दडलेला असतो.

तिसरी पायरी: एक गोष्ट बदलली की काय काय बदलतं?

स्प्रिंगमध्ये सहा क्रियाशील वेढे आहेत आणि तुम्ही एक कापला. स्प्रिंगची कडकी वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. सहाचे पाच झाले, म्हणजे कडकी २० टक्क्यांनी वाढली. वारंवारता कडकीच्या वर्गमुळानुसार वाढते, म्हणजे साधारण साडेनऊ टक्के. १.३ हर्ट्झची गाडी सव्वाचौदा दशांशांच्या जवळ, म्हणजे सुमारे १.४२ हर्ट्झवर गेली.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण शॉकअपला हातही लावला नाही तरी अवमंदन गुणोत्तर घसरतं, कारण त्याच्या सूत्रात छेदस्थानी कडकीचं वर्गमूळ आहे. ०.३४ चं ०.३१ होतं. शिवाय गाडी खाली बसल्यामुळे चाकाला वर सरकायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर लवकर आदळतं. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैलही होऊ शकते. आणि गॅसच्या ज्योतीने कापली असेल तर उष्णतेने पोलादाची प्रकृतीच बिघडते.

म्हणजे तुम्ही ‘एकच’ गोष्ट बदललीत आणि पाच बदलल्या. आता गाडी वेगळी वाटली तर श्रेय कुणाचं? प्रयोगाची आखणी म्हणतात ती याच गुंत्यातून वाट काढण्यासाठी.

जुनी गोष्ट, आजही उपयोगी

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस ओली हा अभियंता अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत हाच प्रश्न घेऊन बसला होता. त्याने एका लांब गाडीला पुढे-मागे वजनं सरकवता येतील अशी सोय केली. वजनं हलवायची, गाडीत बसून फिरायचं आणि कोणती मांडणी सुखद वाटते ते ठरवायचं. त्यातून पुढे आलेली कल्पना अशी की मागच्या बाजूची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवी. कारण उंचवट्यावर पुढची चाकं आधी चढतात. २.४ मीटर अंतरावरची मागची चाकं ताशी ५४ किलोमीटर वेगाला ०.१६ सेकंद उशिरा पोचतात. मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचं डोलणं कमी होतं. फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक करणारा हौशी माणूस हे नातं नकळत मोडून टाकतो.

ओलीकडे मोबाइल नव्हता. पण एक घटक पद्धतशीरपणे सरकवायचा आणि दर टप्प्यावर निरीक्षण टिपायचं, ही शिस्त होती.

चौथी पायरी: स्वतःच्या इच्छेपासून प्रयोग वाचवा

रविवार घालवला, पैसे घातले, हात काळे केले. मग गाडी सुधारल्यासारखी वाटणारच! म्हणून मूल्यमापन करणाऱ्याला काय बदललंय ते कळता कामा नये.

मूळ गाडीवरच सराव करा. मित्राने टायरमधली हवा दर वेळी नाणं उडवून २८ किंवा ३३ पीएसआय ठेवायची. तुम्ही गाडी बघायची नाही, फक्त मागच्या सीटवर बसून ओळखायचं. तोच गतिरोधक, तोच वेग, तेवढीच माणसं. पाचपैकी पाच वेळा बरोबर ओळखलंत तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता ३२ मध्ये १. तीनदाच ओळखलंत तर ‘मला फरक कळतो’ हा दावा मागे घ्या. आणि गतिरोधक स्वतः मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच गतिरोधक आहे. गल्लीतला बहुधा तसा नसतो.

मर्यादा कुठे?

कंपनी गाडीला मान्यता घेते ती संपूर्ण रचनेला, त्याच स्प्रिंगा आणि शॉकअपसकट. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय अशा चाचण्या करते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांवर बंधनं घालतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनं काटेकोर असल्याचं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं एक वेळ सोडा. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या मागे ब्रेक लावताना तुमच्या प्रयोगात शेजारचा दुचाकीवालाही सामील होतो, आणि त्याची संमती कुणी घेतलेली नसते. संशोधनातली नैतिक मान्यता म्हणजे नेमकं हेच.

म्हणून नेहमीच्या गाडीवर फक्त मोजमाप करा. बदल करायचे तर बाहासारख्या विद्यार्थी स्पर्धेच्या, बंद मैदानात चालणाऱ्या गाडीवर करा. तिथे तपासणी असते, हेल्मेट असतं आणि रस्त्यावरचा तिसरा माणूस नसतो.

आता प्रश्न लिहा

‘सस्पेन्शन सुधारणे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा दिसतो: “जुन्या बुशमधलं घर्षण वाढलं की दाबून-सोडून केलेल्या चाचणीत अवमंदन गुणोत्तर प्रत्यक्षापेक्षा किती जास्त दिसतं?” यात काय बदलायचं, काय मोजायचं आणि कोणता निकाल आला तर आपण चुकीचे ठरू, हे तिन्ही आहे.

या आठवड्यात एवढंच करा: चार पोती, एक टेप, चढतीचे पाच आणि उतरतीचे पाच आकडे. आलेख काढा, दोन रेषांमधलं अंतर बघा आणि त्यावर एकच वाक्य लिहा. त्या वाक्यात ‘भारी’ हा शब्द येता कामा नये.