आठ बाय चारची परीक्षा

घरातलं कपडे टांगायचं कुठलंही कपाट उघडा आणि दारापासून पाठीपर्यंत टेप लावा. माप साधारण दोन फूट येईल. असं का, याचं अर्धं उत्तर हँगरमध्ये आहे. शर्ट लावलेला हँगर दाराला अडू नये, इतकी जागा हवीच. उरलेलं अर्धं उत्तर प्लायवूडच्या दुकानात मिळतं. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची येते. चार फुटांतून दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात आणि करवतीच्या पात्याने खाल्लेला भुसा सोडला तर काही वाया जात नाही. आता समजा, एखाद्याने संगणकावर हीच खोली ६२५ मिलिमीटर काढली. पडद्यावर फरक कळतही नाही. पण शीटची रुंदी १,२२० मिलिमीटर असते. दुसऱ्या पट्टीला जेमतेम तीन सेंटिमीटर कमी पडतात आणि कपाटाच्या दुसऱ्या बाजूसाठी नवी शीट फोडावी लागते. सुतार मान हलवून कापत राहतो आणि पैसे गिऱ्हाइकाचे जातात.

बारावीच्या सुमारास अनेक घरांत ‘हिचं ड्रॉइंग छान आहे, इंटिरिअरला घालू या’ असं बोलणं निघतं. त्यामागे पडदे, रंग आणि कुशनं यांचं चित्र असतं. प्रत्यक्षात हा मापांचा धंदा आहे. माणसाचं माप, सामानाचं माप आणि पैशाचं माप. कॉलेज निवडायचं ते ही तिन्ही मापं कुठे हातात बसतील, ते पाहून.

याचा सगळ्यात सुंदर दाखला व्हिएन्नाचा आहे. मार्गारेटे लिहोत्स्की ही तरुणी तिथल्या उपयोजित कलांच्या शाळेत शिकत होती. कामगारांच्या घरांसाठी एक स्पर्धा होती, त्यात तिला भाग घ्यायचा होता. तिचे शिक्षक ओस्कार स्ट्र्नाड यांनी तिला आधी कामगारांच्या वस्तीत पाठवलं. माणसं कशी राहतात ते बघ आणि मगच रेघ ओढ, असा त्यांचा आग्रह. १९१७ साली तिला बक्षीस मिळालं. पुढे १९२६ मध्ये तिने फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या ब्लॉकमधल्या किचनएवढंच! प्रेरणा होती आगगाडीच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या मुदपाकखान्याची. कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात, हे मोजून ओटा, मोरी आणि फडताळ यांच्या जागा ठरल्या. तांदूळ, साखर अशा जिनसांसाठी नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे खण होते. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्यातल्या टॅनिनमुळे कीड लागत नाही असा अनुभव. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही पणजी. आणि गंमत अशी, की हे आखेपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं या बाईंनीच पुढे सांगितलं. त्या १०२ वर्षं जगल्या.

स्वयंपाक न येणारी मुलगी हे करू शकली, कारण तिला बघायला आणि मोजायला शिकवणारा शिक्षक भेटला होता. माझ्या मते कॉलेजबद्दलचं निम्मं उत्तर एवढ्यातच आहे.

आपल्याकडे ही निवड जास्त जोखमीची आहे, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टमुळे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर अभ्यासक्रमाची किमान पातळी ठरवते. इंटिरिअर डिझायनर या नावाला असं कवच नाही. त्याच १९७२ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही संस्था स्थापन झाली, पण ती व्यावसायिकांची संघटना आहे, परवाना देणारी परिषद नव्हे. त्यामुळे सहा महिन्यांचा कोर्स केलेला आणि चार वर्षांची पदवी घेतलेला, दोघांच्या व्हिजिटिंग कार्डावर एकच शब्द छापता येतो. फरक साइटवर कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

वाटा तशा बऱ्याच आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, १९६१ ची. तिच्या मुळाशी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेला अहवाल आहे. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं: पाणी किती मावावं, कमरेवर कसा बसावा, ओतताना हात कसा वळावा, रिकामा असताना तोल कसा राहावा, असे किती प्रश्न पिढ्यान् पिढ्यांनी मिळून त्या एका भांड्यात सोडवले! एनआयडीत चार वर्षांच्या बी.डेसमध्ये पहिलं वर्ष पायाभरणीचं असतं आणि फर्निचर व इंटिरिअर डिझाइन ही शाखा त्यानंतर येते. प्रवेशपरीक्षा दोन टप्प्यांची, आणि बारावीची कोणतीही शाखा चालते. त्याच शहरात सेप्ट आहे. बाळकृष्ण दोशींनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या वास्तुकलेच्या शाळेतून ती वाढली, आणि इंटिरिअरचं शिक्षण तिथे वेगळ्या विभागात दिलं जातं. मुंबईत १८५७ पासून उभ्या असलेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयात अंतर्गत सजावटीचा विभाग आहे. प्रभादेवीच्या रचना संसदेतही इंटिरिअरची स्वतंत्र शाळा आहे.

इथे एक घोटाळा हमखास होतो. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा बी.डेससाठी असते, पण आयआयटींच्या बी.डेसमध्ये इंटिरिअर ही वेगळी पदवी नाही. यूसीडची तयारी करायची तर तिचे गुण इंटिरिअरसाठी कुठली संस्था धरते, हे आधी पाहून घ्यावं. दुसरी वाट पाच वर्षांच्या बी.आर्कची. तिला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच, त्यामुळे हा निर्णय खरं तर अकरावीच्या फॉर्मवरच होतो. कॉमर्स घेऊन मग ‘आर्किटेक्चर करून इंटिरिअरकडे वळेन’ म्हणणाऱ्या मुलांना हे कुणी वेळेवर सांगत नाही.

नावांची यादी करून झाली की प्रत्यक्ष जाऊन यावं. प्रवेशद्वाराशी लावलेली चकचकीत थ्रीडी चित्रं बघायची नाहीत. ती सॉफ्टवेअर काढतं. सरळ वर्कशॉप कुठे आहे ते विचारावं आणि तिथल्या भंगाराच्या ढिगापाशी थांबावं. प्लायचे तुकडे, चुकीच्या मापाला कापलेली पटरी, उखडलेला सनमायका, मोडक्या बिजागऱ्या दिसल्या तर समजावं की इथली मुलं हाताने काम करतात आणि चुकतातही. यंत्रं प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकलेली आणि फरशी आरशासारखी असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

मग शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची ड्रॉइंग मागावीत. नुसता प्लॅन आणि रंगीत चित्र नको. वर्किंग ड्रॉइंग हवं, ज्यावरून सुताराला कपाट करता येईल. त्यात कडेपट्टी कुठे, बिजागरी कोणती, प्लग पॉइंट जमिनीपासून किती उंचीवर, हे लिहिलेलं असतं. सामानाची संख्या आणि दर मांडलेला तक्ता, म्हणजे साइटच्या भाषेत बीओक्यू, करायला शिकवतात का? शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांची कामं सध्या साइटवर चालू आहेत? फी विचारताना मॉडेलचं सामान, प्रिंट, लॅपटॉप आणि अभ्याससहली यांचा खर्चही सीनियर मुलांना विचारावा. तो फीच्या पावतीवर कधीच नसतो.

ग्रंथालयात एक पुस्तक शोधावं. देबकुमार चक्रवर्ती यांचं, भारतीय शरीरमापांवरचं, एनआयडीने १९९७ मध्ये काढलेलं. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने आपली प्रसिद्ध मापपद्धती आधी १.७५ मीटरच्या आणि मग १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट उंचीच्या पुरुषावर बेतली होती. आपल्या स्वयंपाकघरात उभी असलेली बाई बहुतेकदा त्यापेक्षा फूटभर बुटकी असते. चक्रवर्तींच्या पुस्तकाची पानं हाताळून मऊ झालेली दिसली, तर मी त्या कॉलेजला चार गुण जास्त देईन.

प्रवेशाच्या मुलाखतीला पोर्टफोलिओ लागतो. माझ्या भाचीने त्यात इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवून देणारी सुरई-वाडग्याची स्थिरचित्रं लावली होती. चित्रं चांगलीच होती. मी तिला एवढंच म्हटलं, की सुट्टीत घरातली एक जागा मोजून काढ. तिने आजीचा ओटा निवडला. ओटा ३४ इंच. आजी चार फूट आठ इंच, आणि कोपर जमिनीपासून ३५ इंचांवर. कणीक मळायला ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावा, हे भाचीने कुठेतरी वाचलं होतं. इथे तर जेमतेम एक इंच. मग आजीचं इतकी वर्षं चाललं कसं? तिने दोन दिवस नुसतं पाहिलं. ओट्याखाली भिंतीला टेकवलेला एक जुना पाट होता. कणकेची परात घेतली की आजी पायानेच तो पुढे ओढायची, त्यावर चढायची, आणि काम झालं की पायानेच मागे सरकवायची. घरात कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

भाचीने पाटाचीही उंची मोजली, तीन इंच. पोर्टफोलिओत ते पान तिने सुरईच्या आधी लावलं.