खेळालाही राखण हवी

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत धरणे भरपूर आणि सपाट मैदाने थोडी. त्यामुळे उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की मागे सरलेला काठ हेच मुलांचे मैदान होते. भाटघर धरणाचा साठा तळाला गेला की एरवी पाण्याखाली असलेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि लोक कौतुकाने पाहायला जातात. त्या देवळाभोवती जे होते तेही पाण्यातच असते, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. शेताच्या ताली, जुन्या विहिरी, वेळवंडी नदीचे मूळ पात्र, त्यावर साचलेला गाळ. उतरत्या पाण्याची कड रोज सरकते. मार्चमध्ये जिथे गुडघाभर पाणी होते तिथे मे महिन्यात भेगाळलेली जमीन असते, आणि मे महिन्यातली नवी कड एखाद्या तालीच्या किंवा जुन्या पात्राच्या उतारावर येऊन थांबलेली असते. दोन पावले उथळ आणि तिसरे खोल. धरणाच्या खाली वेगळाच धोका. भाटघर आणि नीरा देवघरमधून कालव्यांसाठी उन्हाळी आवर्तन सुटले की कोरडी वाटणारी नीरा नदी काही वेळातच चढते. म्हणजे एकदा पाहून ‘ही जागा बरी आहे’ असे ठरवून ठेवण्याची सोय या भागात नाही. जागा रोज पाहावी लागते, आणि ते मुलांचे काम नव्हे.

उन्हाळ्यातले धोके आपण सुटे सुटे मोजतो: ऊन वेगळे, पाणी वेगळे, विंचू-साप वेगळे. प्रत्यक्षात एक धोका मुलाला दुसऱ्याकडे ढकलतो. डोंगरी भाग म्हणून इथे ऊन सोसवते, हा समज अर्धाच खरा आहे. हवामान खात्याचे तापमान सावलीतल्या पेटीत मोजलेले असते. तापलेल्या कातळावर अनवाणी पळणाऱ्या मुलाला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे बाहेरची उष्णता त्यांचे शरीर लवकर घेते. शिवाय खेळाच्या भरात तहान लागलेली कळत नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजलेल्या वाफ्यात वरची राख थंड आणि आत विस्तव, अशी स्थिती पुष्कळ वेळ राहते. अशा दुपारी मूल पाण्याकडे जाणारच. पाण्यापासून हाकलले तर ते करवंदीच्या जाळीत शिरेल, नाहीतर लगोरीसाठी बांधावरचे चपटे दगड उचलेल. विंचू नेमका त्या दगडांखाली असतो.

लाल विंचवाबाबत या परिसराला शेजारचाच धडा आहे. वरंध घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या महाड-बिरवाडी भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1970 च्या दशकापासून विंचूदंशाचे रुग्ण अभ्यासले आणि पुढे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरून गंभीर दंशातले मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आणले. पण औषध वेळेवर पोटात गेले तरच ते काम करते. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर तो जिवावरचा प्रसंग आहे. ‘ठणका कमी झाला’ म्हणून थांबायचे नसते. सर्पदंशातही तेच. चिरा देणे, करकचून बांधणे, विष चोखणे हे सारे वेळ घालवणारे आणि घातक आहे. दंश झालेला भाग न हलवता रुग्णालय गाठणे हाच उपाय. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतून ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांबचा असतो, म्हणून पहिली दहा मिनिटे मोलाची. ती वाचतात ती केवळ कोणी मोठे माणूस जवळ असेल तर.

माझे म्हणणे एवढेच आहे की मुलांच्या खेळावर नजर ठेवणे हे काम आहे आणि ते कोणाच्या तरी नावावर असले पाहिजे. फलक लावून ते होत नाही. सरकत्या काठावर मार्चमध्ये रोवलेला फलक मे महिन्यात पाण्यापासून दूर कोरड्यात उभा असतो. मुलांना घरात कोंडूनही ते होत नाही; पत्र्याखालची दुपारची खोली बाहेरच्या झाडाखालपेक्षा जास्त तापते, आणि आईवडील कामावर गेले की कडी काढणे मुलांना जमते. याच मावळात भात पिकले की डुकरांपासून वाचवायला माणसे पाळीपाळीने रात्री जागतात. त्या राखणीत वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते आणि आज पाळी कोणाची हे गावाला ठाऊक असते. मुलांच्या खेळाला याहून वेगळे काही नको. सकाळी दहा-साडेदहापर्यंत मोकळा खेळ, मग चारपर्यंत देवळात, शाळेच्या पडवीत किंवा आंब्याखाली बैठे खेळ, संध्याकाळी पुन्हा मैदान. पाण्यात उतरायचे ते त्या दिवशी मोठ्यांनी पाहिलेल्या जागीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही असेच वाढलो, काही झाले नाही. हे सांगायला जे उरले तेच हे सांगतात. शिवाय तेव्हा गुरांमागे, पारावर, अंगणात म्हातारे माणूस असायचे. आता कर्ती माणसे पुण्या-मुंबईला आणि सुट्टीत मुले तिकडून इकडे. काठाची ओळख नसलेला शहरातला भाऊ आणि त्याला पाणी दाखवायला निघालेला गावचा भाऊ, ही जोडी सर्वांत जास्त धोक्यात असते. दुसरा आक्षेप पोहण्याचा: आमच्या मुलांना पोहता येते. पण विहिरीत सूर मारणारे मूल गाळात पाय रुतल्यावर सुटेलच असे नाही, आणि बुडणाऱ्याला हात देताना वाचवणाराही ओढला जातो. म्हणून मुलांना पोहण्याबरोबर एक नियम शिकवायला हवा: आत उडी घ्यायची नाही, दोर, काठी किंवा रिकामा कॅन फेकायचा आणि ओरडून माणसे बोलवायची.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: मशागतीच्या दिवसांत माणूस आणायचा कुठून? आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख लोक बुडून मेले, त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालची होती. बांगलादेशाने याच प्रश्नावर खेड्यांत ‘आंचल’ नावाची पाळणाघरे चालवली. सकाळी 9 ते दुपारी 1, आईबाप कामात असतात तेवढाच वेळ, गावातलीच एक बाई लहान मुले सांभाळते; त्या मुलांमधले बुडून होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. आपल्याकडेही 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर एका स्त्रीला त्यांच्या सांभाळासाठी नेमून तिला पुरी मजुरी देण्याची तरतूद केली. मुले सांभाळणे ही मजुरी मिळण्याजोगी मेहनत आहे, हे तत्त्व इथे नवे नाही.

1 मे रोजी ग्रामसभा असते आणि शाळांची सुट्टीही त्याच सुमाराला लागते. त्या सभेत पाच गोष्टी ठरवाव्यात: सुट्टीपुरती राखण कोणाकडे आणि तिचे मानधन किती, दुपारची सावलीची जागा कोणती, आवर्तनाची तारीख गावाला कोण कळवणार, दोर व ओआरएसची पाकिटे कुठे ठेवणार, आणि 108 ची रुग्णवाहिका पोचेपर्यंत कोणाची गाडी निघणार. खर्च थोडा आहे. ठराव मात्र सुट्टी लागायच्या आत व्हायला हवा.